गोगलगाईंवर पीएचडी करताय? आधी त्यांना नीट मारायला शिका

आंबोली, जुलै, तीन रात्री. डोक्याला टॉर्च, अंगाला चिकटलेला रेनकोट आणि डब्यात ३९ गोगलगायी. खोलीवर आलो की त्या सरळ अल्कोहोलमध्ये सोडायचो आणि ढाराढूर झोपायचो. बीएस्सीला पायला, म्हणजे गोड्या पाण्यातली गोगलगाय, घोकून पाठ केलेली, त्यामुळे शंखवाल्या प्राण्यातलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती.

ऑक्टोबरात पहिली कापायला घेतली. अल्कोहोल लागताक्षणी ती अंग चोरून शंखात शिरलेली आणि तिथेच ताठ झालेली. चिमट्यानं ओढली तर पायाचा तुकडा हातात आला. शंख फोडला तर आत रबरासारखा गोळा. शुक्रवाहिनी कुठली, शुक्रग्राहिका कुठली, काही सुटं होईना. ३९ पैकी कामाच्या निघाल्या ४. पावसाळा वाया गेला, म्हणजे वर्षच गेलं. उन्हाळ्यात या बाया शंखाच्या तोंडाला पापुद्रा लावून झोपलेल्या असतात.

नुसत्या शंखावर भागत नाही का? नाही. शंख फसवतो. दोन जातींचे शंख सारखे दिसतात, एकाच जातीचे वेगळे. बऱ्याचदा निकाल लागतो तो जननेंद्रियांच्या रचनेवरून. १९०८, १९१४ आणि १९२१ साली ब्रिटिशांनी इथल्या गोगलगाईंवर काढलेल्या खंडांतली बहुतेक वर्णनं शंखाची आहेत. म्हणून तर आपल्याला काम उरलंय.

मला वाचवलं ते गाईडनं नाही, लॅबमधल्या मामांनी. पूर्वी प्रॅक्टिकलसाठी ते पायला तयार करून ठेवायचे. माझे गोळे बघून म्हणाले, "अरे, आधी बुडवायची असते तिला!"

तर नीट ऐका. पाणी उकळून गार करा. उकळल्यानं त्यातला प्राणवायू निघून जातो. बरणी काठोकाठ भरा, गोगलगाय आत सोडा, झाकण लावताना एकही बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा राहिला की ती तासन्‌तास तग धरते. रात्रभर ठेवा. सकाळी शिंगं बाहेर, पाय पसरलेला दिसेल. सुईनं टोचा, आक्रसली तर अजून थांबा. बारक्यांना कमी वेळ पुरतो, जास्त ठेवल्या तर कुजतात. मग ७० टक्के अल्कोहोल, आणि ते दुसऱ्या दिवशी बदलाच, कारण अंगातल्या पाण्यानं ते पातळ होतं. डीएनएसाठी पायाचा कणभर तुकडा ९५ टक्क्यांच्या वरच्या अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. फॉर्मालिन नको: आम्लधर्मी झालं की शंख खातं, डीएनएही बिघडवतं. बरणीतली चिठ्ठी पेन्सिलनं लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, ठिकाण-तारीख जाते, आणि मग तो नमुना नुसती माती.

"सर, बारकोडिंग करू ना, कापाकापी कशाला?" म्हणजे डीएनएच्या एका तुकड्यावरून जात ओळखायची. करा की. पण गोगलगाईंत एकाच जातीत त्यासाठी वापरतात त्या सीओआय जनुकातला फरक भलताच मोठा निघू शकतो. रचना न बघता नुसत्या सीक्वेन्सवर नवी जात जाहीर करणाऱ्यांशी माझं जमत नाही. गाईड निवडतानाही पेपर मोजत बसू नका. त्याच्या सूक्ष्मदर्शकावर धूळ आहे का ते बघा.

पैशाचं काय? २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची सरकारी शिष्यवृत्ती, महिना ३७,००० झाली, पण ती पाच वर्षांत संपते आणि पुढे बऱ्याच जणांच्या वाट्याला तासिका तत्त्व येतं. मीही त्यावर काढली काही वर्षं. घरी आधीच सांगून ठेवा. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज जानेवारीतच टाका, पाऊस तुमच्या फायलीसाठी थांबत नाही. एवढं पाळलंत तर घाबरू नका. सह्याद्रीत कामाला तोटा नाही, आणि तुम्ही माझ्याइतके वेंधळे नक्कीच नसाल.

२०२२ च्या जुलैत मराठवाड्यात शंखी गोगलगाईंनी सोयाबीन फस्त केलं, तेव्हा गावाकडून काकांचा फोन आला. "पोती भरून वेचतोय रे. एवढा शिकलास, यांना मारायचं काही येतं का तुला?"

येत होतं. पण एका वेळी एक बरणी.