दोन घरचा पाहुणा आणि खाडीचं शून्य: सायंटिफिक कम्प्युटिंगच्या पीएचडीत या चुका टाळा

ऐरोलीला राहायला आल्यापासून रविवारी सकाळी माझ्याकडे पीएचडीची पोरं येतात. कुणी गणिताचं, कुणी सिव्हिलचं, कुणी कॉम्प्युटरचं. विषय मात्र सगळ्यांचा मधला, सायंटिफिक कम्प्युटिंग आणि उपयोजित गणित, म्हणजे निसर्गातल्या गोष्टींची समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवणं. गणित विभागात त्यांना ‘प्रोग्रामिंगवाले’ म्हणतात, इंजिनिअरिंगमध्ये ‘थिअरीवाले’. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण त्यांना बघूनच सुचली असावी. पोह्यांची बशी हातात येईपर्यंत तक्रार सुरू झालेली असते, आणि बहुतेक तक्रारी मी आधी कधीतरी ऐकलेल्या असतात.

तुमचं शून्य कुठलं?

एक मुलगा ठाणे खाडीतल्या भरतीचं मॉडेल घेऊन आला. समीकरणं बरोबर, कोड नीटनेटका, आणि उत्तरात खाडीलगतचे सेक्टर रोज दोनदा पाण्याखाली. खाली रस्त्यावर रिक्षा आरामात चालल्या होत्या.

भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून, म्हणजे ओहोटीच्या जवळपास सर्वात खालच्या पातळीपासून मोजतात, जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे तक्त्यातली ४.५ मीटरची भरती जमिनीच्या हिशेबात जेमतेम २ मीटर. पोराने ४.५ तशीच्या तशी घातली होती.

ते सुधारलं तर दुसरंच निघालं: मॉडेलची भरती आणि मोजलेली भरती बरोबर उलट. एकीकडे पाणी चढतंय, दुसरीकडे उतरतंय. तो समीकरणातली चिन्हं तपासत बसला. एक आकडेवारी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होती, दुसरी भारतीय वेळेत. फरक साडेपाच तासांचा, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत लागतात सव्वासहा तासांच्या आसपास. घड्याळाची चूक हुबेहूब चिन्हाच्या चुकीसारखी दिसते ती अशी.

माझा खरा राग मात्र पुढच्या गोष्टीवर आहे. रिपोर्ट दोन्ही गाइडनी वाचला होता. गणिताच्या सरांना वाटलं, आकडे सिव्हिलच्या मॅडमनी बघितले असतील. मॅडमना वाटलं, हा सरांचाच विद्यार्थी. दोन गाइड असले की चूक पकडायला चार डोळे मिळतात, हा भ्रम आहे. पुष्कळदा एकही मिळत नाही. म्हणून पहिल्या महिन्यातच एका पानावर तक्ता करा: चिन्ह, त्याचा अर्थ, एकक, शून्य कुठलं, वेळ कुठली. त्यावर दोघांची सही घ्या. हसतील, पण करतील. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान गमावलं ते अशाच कारणाने. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदात आकडे देत होतं, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होती.

त्याच पानावर शब्दही लिहा. ‘मॉडेल’ म्हटलं की गणितवाल्याला समीकरण दिसतं, डेटावाल्याला शिकवलेला प्रोग्रॅम आणि बंदरं बांधणाऱ्याला चक्क पाण्याच्या टाकीतली लहान प्रतिकृती. एका मिटिंगमध्ये तिघं अर्धा तास ‘मॉडेल सुधारा’ यावर एकमत होऊन उठलेले मी पाहिले आहेत.

जाळी बारीक केली आणि उत्तर फुटलं

तोच मुलगा, महिन्याभराने. मॉडेलमध्ये खाडी चौकोनी घरांच्या जाळीत (ग्रिडमध्ये) कापतात. आधी त्याची ग्रिड १५० मीटरची होती, अचूकता वाढावी म्हणून ७५ मीटरची केली. टाइमस्टेप, म्हणजे कोड एका पावलात जेवढा वेळ पुढे जातो तो, तोच ठेवला, १० सेकंद. आता ओहोटीला रन छान चालायचा आणि भरती चढू लागली की पडद्यावर नुसते ‘नॅन’ (NaN, म्हणजे आकडाच नाही). त्याने दोन आठवडे भरतीच्या डेटावर संशय घेतला.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. उथळ पाण्यात लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले खोली, त्याचं वर्गमूळ. खोली ४ मीटर असेल तर सेकंदाला ६.३ मीटर, त्यात प्रवाहाचा १ मीटर धरला की १० सेकंदांत ७३ मीटर. ७५ च्या आत, म्हणून निभावलं. भरतीला खोली ८ मीटर झाली की वेग ८.९, प्रवाह धरून १० सेकंदांत ९९ मीटर. लाट एका टाइमस्टेपमध्ये एक घर ओलांडून पुढे गेली, आणि शेजारच्या घरापलीकडे न बघणाऱ्या साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीला ते झेपत नाही. कूरांट, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी ही अट १९२८ मध्येच लिहून ठेवली, इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर यायच्या आधी. ग्रिड निम्मी केलीत तर टाइमस्टेपही निम्मा करा. उष्णतेच्या किंवा विसरणाच्या समीकरणात तर तो एक चतुर्थांश करावा लागतो.

त्याने मधल्या काळात केलेला इलाज सांगायलाच हवा, कारण सगळेच करतात. उत्तर फुटू नये म्हणून त्याने पाण्याचा चिकटपणा वाढवत नेला. आलेख गुळगुळीत झाला, भरतीही निम्मी झाली. सेमिनारमध्ये टाळ्या पडल्या म्हणे.

चित्र छान आलं, पुढे?

रंगीत चित्र हा पुरावा नव्हे. कोड तपासायचा तर उत्तर आधी आपणच ठरवायचं, साधी साइनची लाट चालेल. ती समीकरणात घालून उजव्या बाजूला काय उरतं ते काढायचं आणि तेवढं कोडला द्यायचं. कोडने तीच लाट परत दिली पाहिजे. मग ग्रिड निम्मी करत जा. दुसऱ्या क्रमाची पद्धत असेल तर चूक दरवेळी एक चतुर्थांश व्हावी. नुसती निम्मी होत असेल तर आधी कडांकडे जा. आतलं सगळं दुसऱ्या क्रमाचं आणि किनाऱ्यावरची अट पहिल्या क्रमाची, हा प्रकार फार आढळतो.

शेवटच्या अंकांची भीती

एका कोअरवर आणि सोळा कोअरवर उत्तर वेगळं आलं म्हणून एक मुलगी रडकुंडीला आली होती. फरक तेराव्या अंकाला होता. कॉम्प्युटरच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटचे अंक हलतात, त्यात कोडचा दोष नाही. तिसऱ्या अंकाला फरक असता तर मात्र मी चहा बाजूला ठेवला असता. ग्रिडचे तुकडे वेगवेगळ्या कोअरवर असतात, आणि तिथे बहुधा शेजारच्या कोअरकडून कडेचे आकडे यायच्या आत जुनेच वाचले गेलेले असतात.

म्हणून शेवटचे अंक क्षुल्लक, असंही नाही. १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या दहरानला पॅट्रियट या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होतं. ०.१ ही संख्या बायनरीत पुरती लिहिताच येत नाही. सुमारे १०० तास सलग चालल्यावर चूक साठून ०.३४ सेकंद झाली, इराकचं क्षेपणास्त्र अडवलं न जाता निसटलं, २८ अमेरिकी सैनिक गेले.

कागदोपत्री

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. ते १२ आपल्याला येणाऱ्याच विषयात उरकू नका. गणितवाल्याने फ्लुइड मेकॅनिक्स घ्यावं, इंजिनिअरने न्यूमरिकल अ‍ॅनालिसिस. आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) मिटिंगला दोन्ही गाइड एकाच खोलीत असतील असं बघा. वेगवेगळं भेटलात तर दोन थिसिस लिहावे लागतील.

क्लस्टरवर जॉब टाकण्याआधी

क्लस्टर म्हणजे अनेकांनी वाटून वापरायच्या कॉम्प्युटरांचा समूह, जॉब म्हणजे त्यावर रांगेत टाकलेलं काम. चोवीस तासांची मर्यादा असलेला जॉब तेविसाव्या तासाला मेला आणि हाती काहीच नाही, ही गोष्ट दर सेमिस्टरला एकदा ऐकते, बहुधा ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्याकडून, कारण गाडीतच त्याने फोनवर बघितलेलं असतं. आधी लहान ग्रिडवर दहा मिनिटांचा रन करा. दर तासाला सगळी स्थिती फाइलमध्ये लिहा. आणि त्या फाइलवरून रन पुन्हा सुरू होतो का, हे एकदा मुद्दाम जॉब मारून बघा. मी स्वतः दीड वर्ष अशी एक फाइल जपली होती. लिहिली जायची व्यवस्थित, वाचता मात्र कधीच आली नाही.