चार्जर की पॉवर सप्लाय : गाडीच्या बॅटरीला काय आणि कधी जोडावे

गणपतीत गावी आणलेली गाडी शिमग्यापर्यंत मांगराशेजारी उभी राहिली, की सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू येते, आणि यात बॅटरीचा दोष फारसा नसतो. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि संगणक मिळून ३० मिलिअँपिअर प्रवाह खात असले, तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास (बॅटरीतील साठा मोजण्याचे एकक), म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून महिन्याभरात निम्म्याहून अधिक साठा संपतो. मग १२ व्होल्ट लिहिलेले मिळेल ते यंत्र जोडले जाते, आणि घोटाळा तिथेच होतो.

चार्जरचे लक्ष बॅटरीकडे असते. चांगला स्वयंचलित चार्जर लेड-अ‍ॅसिड बॅटरीला आधी ठरावीक प्रवाह देतो, विद्युतदाब (व्होल्टेज) साधारण १४.४ व्होल्टवर पोहोचला की तो तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी होऊ देतो आणि शेवटी १३.५ व्होल्टच्या आसपास बॅटरी नुसती भरलेली ठेवतो. प्रवाह क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३५ अँपिअर-तासांसाठी साडेतीन अँपिअर, पुरतो. घाई करण्यात काहीच फायदा नाही. काही तास विसावलेल्या बॅटरीवर मल्टिमीटरने १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली समजावी, १२.४ च्या खाली ती फार दिवस ठेवल्यास आतील पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसते.

पॉवर सप्लायला बॅटरीच्या भरण्याशी देणेघेणे नसते. भार कितीही बदलला तरी दाब स्थिर ठेवणे हे त्याचे काम. इग्निशन चालू ठेवून स्कॅनरने दोष तपासताना किंवा संगणकात नवे सॉफ्टवेअर भरताना दिवे, पंखा आणि मॉड्यूल (गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेट्या) पुष्कळ प्रवाह ओढतात, आणि मध्येच दाब पडला तर मॉड्यूल निकामी होऊ शकते. तिथे छोटा चार्जर उपयोगाचा नाही. भरपूर प्रवाह देणारा, तरंगरहित, म्हणजे दाबात बारीक चढउतार नसलेला, सप्लाय हवा. पावसाळ्यात वीज जाण्याचा भरवसा नाही, म्हणून वीज गेल्यावर बॅटरीतील प्रवाह सप्लायमध्ये उलटा शिरू न देणारी व्यवस्था त्यात आहे, हे खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. चार्जरबाबत, वीज परतल्यावर तो आपोआप सुरू होतो की बटण दाबावे लागते, हेही पाहावे.

गॅरेजमधला घूं-घूं करणारा जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर गाडीतून उतरवलेल्या बॅटरीसाठी, तोही कोणी लक्ष ठेवणार असेल तरच, वापरावा असे माझे मत आहे. त्याचा दाब कुठेच थांबत नाही, आणि बॅटरीशिवाय तो थेट गाडीच्या वायरिंगला जोडणे म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची राखरांगोळीच.

जोडताना चार्जरचे बटण बंद ठेवून लाल चिमटा धन टर्मिनलला आणि काळा चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावा आणि मगच वीज सुरू करावी. काढताना आधी वीज, मग काळा, शेवटी लाल. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघत असल्याने दारे उघडी असावीत आणि जवळपास विडी पेटवू नये. खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर चढलेला असेल, तर तो आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून घ्यावा, नाहीतर चिमट्याला पकडच मिळत नाही. काम झाल्यावर टर्मिनलवर पेट्रोलियम जेली लावून ठेवावी.