खिशातला चाकू रोज बाळगताना होणाऱ्या चुका

दोन-अडीच इंच पात्याचा घडीचा चाकू ज्याच्या खिशात असतो, त्याला दिवसातून तीन-चार वेळा तरी तो काढावा लागतो. कधी पार्सलची चिकटपट्टी असते, कधी पोत्याची सुतळी, कधी डब्यासोबत आणलेली काकडी, तर कधी दुचाकीला बांधलेल्या दोरीची न सुटणारी गाठ. महिनाभरात तो किल्ल्यांसारखा अंगवळणी पडतो आणि मग तो खिशात आहे याचाच विसर पडतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका अज्ञानातून कमी आणि या विसरातून अधिक झालेल्या आहेत, आणि त्यांत माझ्या स्वतःच्याही आहेत.

विमानतळावर होणारी चूक त्यांतली सर्वांत महागाची. आपल्याकडे विमानात हातातल्या सामानातून चाकू नेता येत नाही, मग पाते बोटभर का असेना. चेक-इनच्या बॅगेत मात्र तो नेता येतो. पहाटेच्या विमानाच्या घाईत माझी बॅग पट्ट्यावरून पुढे गेली होती आणि तपासणीच्या ट्रेमध्ये किल्ल्या ठेवताना चाकू हाताला लागला. जवानाने काही न बोलता शेजारच्या डब्याकडे बोट दाखवले आणि दहा वर्षे वापरलेला चाकू त्यात टाकून मी पुढे गेलो. दोष सर्वस्वी माझाच होता. तेव्हापासून घरी आल्यावर चाकू दाराजवळच्या वाटीत पडतो आणि दुसऱ्या दिवशी कुठे जायचे आहे हे आठवल्यावरच तो उचलला जातो. न्यायालय, क्रिकेटचा सामना, मेट्रो, मंत्रालय, म्हणजे जिथे दारावर झडती होते अशा कोणत्याही ठिकाणी जायचे असेल, तर तो वाटीतच राहिलेला बरा.

कायद्याविषयीची समजूतही बऱ्याचदा अर्धवट असते. शस्त्र नियमांत ज्यांची गणना शस्त्रांमध्ये होते ते चाकू म्हणजे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, आणि त्यांतूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळलेले आहेत. एवढे वाचून ‘९ इंचांच्या आत सगळे चालते’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि चूक नेमकी तिथे होते. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी आपल्या हद्दीत मनाई आदेश काढू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या सुमारास असे आदेश वरचेवर निघतात आणि त्यांत तलवारी, भाले, बंदुका, लाठ्या यांच्या बरोबरीने सुऱ्यांचाही उल्लेख असतो. त्यासाठी लांबीची कोणतीही मर्यादा सांगितलेली नसते. आदेश मोडल्यास कलम १३५ लागते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ही बातमी कोणी वाचत नाही; पण चाकू बाळगणाऱ्याने ती वाचावी आणि गणेशोत्सवाच्या विसर्जनासारख्या गर्दीत जाताना चाकू घरी ठेवावा.

‘संरक्षणासाठी’ चाकू बाळगणे हे तर मला मुळातच चुकीचे वाटते. एक तर झटापटीत घडीचा चाकू उघडेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. दुसरे म्हणजे, नाकाबंदीत विचारल्यावर हे कारण देणारा माणूस आपल्याच तोंडाने आपल्या अवजाराचे हत्यार करून मोकळा होतो. कोयता गँगच्या बातम्यांनी पोलीस आणि नागरिक दोघेही धास्तावलेले असताना बटण दाबताच उघडणारा, रामपुरीच्या घराण्यातला चाकू हौस म्हणून बाळगण्यात कसलेच शहाणपण नाही. घरातले कोणी शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडमध्ये जाणार असेल, तर त्याला आवर्जून सांगावे की तिथे सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो फक्त ३ इंचांच्या आतील पात्याचा, घडीचा आणि लॉक (उघडलेले पाते आपोआप मिटू न देणारी अटक) नसलेला चाकू.

लॉकचा मुद्दा वापरातही तितकाच महत्त्वाचा आहे. कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेल्या स्विस चाकूच्या परंपरेतले लहान चाकू पाठीतल्या स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहतात. त्यांना लॉक नसते. अशा चाकूने कापावे, पण भोसकू नये. पट्ट्याला भोक पाडण्यासाठी टोक रेटले की पाते मिटते, आणि ते मिटते ते आपल्याच बोटांवर. त्यासाठी त्याच चाकूत वेगळा टोच्या दिलेला असतो, पण तो आहे हे आपण विसरलेलो असतो. दुसरी सवय म्हणजे टोकाने डब्याचे झाकण उचकटणे. पाते कापण्यासाठी बारीक घासलेले असते, आडवा ताण आला की टोक मोडते, आणि मोडलेल्या टोकाला पुन्हा आकार देताना पात्याची लांबी कमी होते.

बोट कापलेच, तर हळद, चहापूड किंवा चुना दाबण्याचे जुने उपाय करू नयेत. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरावी, स्वच्छ कापड दाबून ठेवावे आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी ते दहा मिनिटे तरी उचलू नये. जखम खोल असेल, बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल, तर थेट डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयीही विचारावे.

चाकू उघडायला जड जाऊ लागला की अनेकजण स्वयंपाकघरातले तेल सोडतात. खोबरेल थंडीत थिजते आणि गोडेतेल काही दिवसांत चिकट होऊन धूळ धरते. मग पाते आधीपेक्षाही जड चालते. मुळात बहुतेक वेळा दोष तेलाच्या अभावाचा नसून खिशातल्या कापसाच्या गोळ्यांचा आणि तंबाखू-सुपारीच्या कणांचा असतो. चाकू कोमट पाण्यात धरून दहा-पंधरा वेळा उघडमिट करावा, कोरडा करावा, मगच सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. त्याच चाकूने फळे कापायची असतील, तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन अधिक योग्य ठरते. पाते डुगडुगत असेल आणि सांध्याला स्क्रू असेल, तर तो एका वेळी थोडाच आवळावा.

पाण्याचा हा उपाय लाकडी मुठीच्या चाकूवर मात्र करू नये. फ्रान्समधल्या सव्हॉय प्रांतातला ओपिनेल आपल्याकडेही हौशी लोक वापरतात. कोकणातल्या पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पाते आत रुतून बसते. ते नखाने किंवा पकडीने ओढत बसू नये. सांध्यावरची कडी मोकळ्या खाचेवर आणून मुठीचा मागचा भाग टेबलाच्या कडेवर आपटला की पात्याची पाठ वर येते आणि धरता येते. नंतर मूठ सावलीत वाळवावी. साध्या पोलादाच्या पात्यावर कैरी किंवा लिंबू कापल्यावर चढणारा करडा-निळसर रंग हा गंज नव्हे, तो घासून काढण्याची गरज नाही. तांबूस आणि बोटाला लागणारा थर आला, तर तो मात्र लगेच काढावा. स्टेनलेस पात्यालाही खारी हवा आणि घाम बाधतो, विशेषतः सांध्याच्या आत, जिथे आपली नजर जात नाही.

धारेबाबत सर्वांत मोठी चूक ही की ती लावण्याची आठवण फार उशिरा होते. बोथट पात्याला जोर जास्त द्यावा लागतो, जोर दिला की ते घसरते, आणि म्हणून धारदार चाकूपेक्षा बोथट चाकूच हात अधिक कापतो. मग तो दारावर आलेल्या धारवाल्याकडे दिला जातो. विळी-कात्रीसाठी त्याचे चाक ठीक आहे. पण कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर बारीक पाते क्षणात तापते, कडेला निळसर झाक येते आणि पोलादाला दिलेले पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरते. असे पाते त्या दिवशी छान कापते आणि आठवड्यात पुन्हा बोथट होते. लोक त्यासाठी चाकूला नावे ठेवतात, पण बिघाड चाकावर झालेला असतो.

घरी निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, असला की पुरे. तो ओला करावा, पात्याची पाठ एवढीच उचलावी की पाते आणि दगड यांत १५ ते २० अंशांचा कोन राहील, आणि तो कोन न बदलता मुठीपासून टोकापर्यंत पाते ओढावे. नवशिक्याचा हात टोकाशी आल्यावर वर उचलला जातो आणि दोन बाजूंचे कोन वेगळे पडतात. आपण कुठे घासतो आहोत हे कळत नसेल, तर धारेवर मार्करने काळी रेघ ओढावी. जिथली शाई जाते तिथे दगड लागतो आहे. एका बाजूने घासल्यावर दुसऱ्या बाजूला अगदी बारीक, खरखरीत कड बोटाला जाणवू लागते. ती जाणवेपर्यंत बाजू बदलू नये. घाईने चार-चार वेळा पालटून घासणाऱ्यांची धार याच कारणाने कधी लागत नाही. दुसऱ्या बाजूनेही तसेच केल्यावर ती कड हलक्या हाताने, एकेका ओढीने काढून टाकावी आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाते पाठीच्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, आठ-दहा वेळा ओढावे. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर जोर न देता ठेवलेले पाते आपल्याच वजनाने आत गेले, की निसणा धुऊन ठेवायला हरकत नाही.