सबटायटलवर विसंबलो आणि प्रकरण परत आलं

आफ्रिकी सिनेमातला सत्तेवरचा उपहास हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. त्यातलं उस्मान सेम्बेन यांच्या 'खाला'वरचं (१९७५) अख्खं प्रकरण परीक्षकांनी परत पाठवलं. ते अजून सलतं.

सिनेमा स्वातंत्र्यानंतरच्या सेनेगलचा. स्थानिक व्यापारी फ्रेंचांना हटवून चेंबर ऑफ कॉमर्स ताब्यात घेतात आणि लगेच त्यांच्याकडूनच नोटांनी भरलेल्या ब्रीफकेसी घेतात. मी लाचखोरीवर पानंच्या पानं लिहिली, भाषेवर एक ओळ नाही. त्या व्यापाऱ्यांपैकी एक, सिनेमाचा नायक एल हाजी, मुलीशी, रामाशी, फ्रेंचमध्ये बोलतो; ती वोलोफमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेत, उत्तर देते. शेवटी त्याला चेंबरमधून काढतात, तेव्हा तो वोलोफमध्ये बोलू बघतो, तर 'फ्रेंचमध्ये बोल' म्हणून त्यालाच दटावतात. मी पाहिलेल्या प्रतीत या दोन्ही भाषांखाली एकसारखंच इंग्रजी होतं. गोरे गेले तरी सत्तेची भाषा त्यांचीच राहिली, हा उपहासाचा गाभाच मला दिसला नाही.

म्हणून अशा सिनेमांवर लिहिणार असाल तर प्रत्येक सीन एकदा सबटायटल झाकून ऐका. कोण, कुणासमोर, कितव्या मिनिटाला भाषा बदलतो ते वहीत टिपा. वोलोफ येत नाही म्हणून घाबरू नका, मलाही येत नाही. दोन भाषांमधला फरक कानाला आठवड्याभरात कळू लागतो.

भाषेचं राजकारण तिथं किती टोकाचं होतं बघा: सेम्बेन यांच्या 'चेड्डो'वर (१९७७) बंदी आली, तिचं सरकारी कारण होतं नावात एक 'डी' की दोन, हा वाद. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सेंघोर स्वतः कवी होते!

मालीचे दिग्दर्शक शेख उमर सिसोको यांचा 'गिंबा' (१९९५) मात्र लोककथा समजून सोडू नका. जुलमी राजा, काल्पनिक नगर, काळाचा पत्ता नाही. पण मालीत हुकूमशहा मूसा त्राओरे यांची १९६८ पासूनची राजवट १९९१ मध्ये कोसळली, हे लक्षात ठेवून बघा. मालीतल्या गावांत कोतेबा नावाची सोंगं काढून बड्यांची टर उडवायची परंपरा आहे. तमाशातला सोंगाड्या पाहिलेल्याला ती परकी वाटणार नाही.

यूट्यूबवरचे सारांश बघून लिहिणार असाल तर विषयच बदला. आणि सिनेमा न पाहता मसुद्यावर 'ठीक आहे' म्हणणारा मार्गदर्शक नको. मला तसाच मिळाला होता.

सुरुवात 'खाला'त रामा वडिलांच्या ऑफिसात येते त्या सीनपासून करा. तो तिला बाटलीतलं फ्रेंच पाणी देऊ करतो. ती नको म्हणते.