पावसाळ्यात जन्मणाऱ्या बाळाचं अंथरूण-पांघरूण

माझी दोन्ही बाळंतपणं माहेरी, गोव्यात साखळीला झाली, आणि दोन्ही ऐन पावसात. मुलगा आषाढातला, मुलगी श्रावणातली. आता धाकट्या भावाची बायको जुलैत बाळंत होणार आहे. ‘ताई, काय काय घेऊन ठेवू?’ असं तिनं विचारलं, तेव्हा तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत पडवीतल्या दोरीवरचं दुपटं दोन दिवसांनीही हाताला गार लागतं. म्हणून इथं आधी संख्येचा विचार करायचा. नोव्हेंबरात बारा लंगोट नि सहा दुपट्यांत भागतं. जुलैत मला तीस लंगोट आणि पंधरा दुपटी लागली, तरी एखाद्या दिवशी कमीच पडायची. ही सगळी विकत आणायची गरज नाही. आईच्या वापरून मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी सर्वांत उत्तम. पातळ असतात, लवकर वाळतात, घाम टिपतात. नवी आणायची तर मलमलीची आणा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ढिगातून उचलताना कापड उजेडासमोर धरून पाहा. आरपार उजेड दिसला तर ते आपल्या हवेत वाळेल. गुबगुबीत फ्लॅनेलचं पाहताक्षणी गोड वाटतं, पण पावसात ते तीन दिवस ओलं राहतं आणि मग त्याला कुबट वास धरतो.

कपडे खोलीतच स्टँडवर, पंख्याखाली वाळवा आणि शेवटी इस्त्री फिरवा. माझी आजी निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून तिच्यावर लंगोट वाळवायची. तिच्या काळी दुसरा उपाय नव्हता. पण बाळाच्या खोलीत धूर नको. ओव्याची, उदाची धुरीही नको.

आता साड्यांच्या पेटीबद्दल. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण याची किंमत मी मोजली आहे.

आईनं माझ्या लहानपणीची झबली आणि कुंची पेटीत जपून ठेवली होती. दमटपणानं कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या. मुलगा झाल्यावर ते कपडे मोठ्या कौतुकानं बाहेर निघाले, एकदा पाण्यातून काढले आणि त्याला घातले. चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. पाचव्या दिवशी पोटापर्यंत पिवळा झाला आणि दूध ओढेनासा झाला. इस्पितळात नेला तेव्हा डॉक्टरांनी आधी त्याला गुंडाळलेलं दुपटं उचलून नाकाला लावलं आणि विचारलं, ‘हे कुठं ठेवलं होतं?’

त्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एंझाइमची कमतरता निघाली. एरवी तो ठणठणीत असतो, कळतही नाही. पण अशा बाळाच्या अंगात डांबराच्या गोळीतलं नॅफ्थलीन श्वासातून किंवा कातडीतून गेलं की तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ चढते. फार चढली तर मेंदूला इजा होऊ शकते. मुलग्यांना ही कमतरता आईकडून येते आणि त्यांच्यातच ती जास्त दिसते. माझा मुलगा निळ्या दिव्यांखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून चार दिवस होता. आज तो अकरा वर्षांचा आहे, बरा आहे. आईला मात्र अजून ती पेटी उघडवत नाही, आणि तिचा यात काही दोष नव्हता. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं काहीही बाळाला नको. आजीची वाकळ नको, बारशाची कुंची नको, बाळाला घेऊन बसणारीनं त्या पेटीतली साडीही नेसू नये. वापरायचंच असेल तर पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मे महिन्यात, कडक उन्हात कित्येक दिवस घालून, पुन्हापुन्हा धुऊन वास पूर्ण गेल्यावरच. तरी वास राहिलाच तर सोडून द्या. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा आधीच करा. आणि बाळ पिवळं दिसलं तर घरी ऊन दाखवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

गादी कडक आणि सपाट हवी. काथ्याची चालते. तळहातानं दाबून हात काढला की खळगा लगेच भरून आला पाहिजे. पाळण्यात ती अशी बसावी की कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट राहणार नाही. वर रबरी शीट, त्यावर ताणून खोचलेली सुती चादर, आणि बस्स. उशी, लोड, पाळण्याच्या कडेला बांधायच्या गाद्या, बाहुल्या यांतलं काही नाही. बाळाला पाठीवरच निजवायचं, दर वेळी, दुपारीही. १९९४ मध्ये अमेरिकेत पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. झोळी करमणुकीपुरती, कुणी समोर बसलेलं असतानाच. तिच्यात बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. रात्री बाळ आपल्याच खोलीत असावं, पण आपल्या अंथरुणात नव्हे.

मोहरीच्या उशीवरून घरात बोलणं होईल. माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या हातानं शिवून आणली होती. मी त्यांना डॉक्टरांसमोरच विचारायला लावलं. वर्षभर उशी नको, डोकं गोल राहावं म्हणून निजवताना तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करायचं आणि जागेपणी, आपण समोर असताना, पोटावर खेळवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं.

रात्रीच्या कपड्यांचा विषय छोटा आहे. नाळ गळेपर्यंत बाजूनं बांधायचं सुती झबलं, लंगोट बेंबीच्या खाली. बंद आखूड हवेत. टोपडं आंघोळीनंतर थोडा वेळ ठीक, झोपेत काढून टाका. बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यातून बाहेर पडते. गळ्यात काळा दोरा किंवा साखळी घालून निजवू नका. मोजे आणि हातमोजे उलटे करून आतले दोरे पाहा. माझ्या मुलीच्या पायाच्या बोटाला असाच एक दोरा गुंडाळला होता, बोट जांभळं झालं तेव्हा कळलं. तेव्हापासून मी प्रत्येक नवा कपडा उलटा करून, दोरे कापून, मगच धुते.

दुपट्यात गुंडाळायचं तर छातीवर आपला हात आत जाईल इतकं सैल, आणि पाय बेडकासारखे मोकळे. बाळ कुशीवर वळू पाहायला लागलं की गुंडाळणं त्याच दिवशी बंद. सुटं पांघरूण नकोच. मच्छरदाणी मात्र हवी, ताणलेली, बाळाच्या अंगाला न लागणारी.

पाऊस पडतोय म्हणून बाळाला थंडी वाजते असं नाही. आपल्याकडे पावसातही उकडतं. पंखा हळू चालू द्या, एसी असेल तर २५-२६ वर ठेवा. बाळाचे हातपाय गार लागले तरी घाबरून दुसरं झबलं चढवू नका, तान्ह्यांचे ते गारच असतात. मानेमागे बोटं घाला. तिथं ओलसर लागलं तर एक कपडा काढा, कोरडं आणि कोमट लागलं तर झोपू द्या.