कासदाहात प्रतिजैविकापूर्वी गोठ्यावर दुधाची चाचणी कशी करावी

पावसाळ्यात गोव्यातील सत्तरी, डिचोली, सांगे या भागांतील गोठ्यांची जमीन सुकत नाही आणि कासदाहाच्या, म्हणजे दगडीच्या, तक्रारी वाढतात. अशा वेळी सडात प्रतिजैविकाची नळी सोडण्याची घाई होते. परंतु सौम्य दाहाच्या अनेक नमुन्यांत जंतू वाढतच नाहीत, किंवा ई. कोलायसारखे जंतू सापडतात, ज्यांवर गाय बहुधा स्वतःच मात करते.

प्रथम गाय पाहावी. तिला ताप असेल, तिने चारा सोडला असेल किंवा ती उठत नसेल, तर चाचणीसाठी न थांबता पशुवैद्यकांना बोलवावे. केवळ दुधात गुठळ्या असतील किंवा कास थोडी सुजली असेल, तर एक दिवस थांबता येते.

कोणता सड बिघडला हे सीएमटीने, म्हणजे कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट या गोठ्यावरच्या झटपट चाचणीने, कळते. चार वाट्यांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचे थोडे दूध घेऊन तेवढेच सीएमटीचे द्रावण मिसळावे, पॅडल गोल फिरवावे आणि सुमारे २० सेकंदांच्या आत पाहावे. ज्या वाटीतले मिश्रण घट्ट होऊन जेलीसारखे सरकते, तिथे दाह आहे. नुकत्याच व्यालेल्या गायीच्या चिकात मात्र हा निष्कर्ष फसवा ठरतो.

जंतू कोणता, हे कल्चर, म्हणजे दुधातले जंतू प्लेटवर वाढवून पाहण्याची चाचणी, सांगते आणि त्याचे सारे यश नमुन्याच्या स्वच्छतेवर आहे. हात धुऊन हातमोजे घालावेत, सड कोरडा करावा, पहिल्या काही धारा वेगळ्या भांड्यात काढाव्यात आणि ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने सडाचे टोक बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसावे. अनेक सडांचे नमुने हवे असल्यास दूरचे सड आधी पुसावेत व नमुना जवळच्या सडाचा आधी घ्यावा, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. निर्जंतुक नळी तिरपी धरावी, झाकणाची आतली बाजू कशालाही टेकू देऊ नये आणि नळीवर गाय, सड व तारीख लिहावी.

पशुवैद्यकांकडून मिळालेल्या, जंतू वाढवण्याचे माध्यम भरलेल्या तयार प्लेटवर नमुना पसरून ती ३७ अंश सेल्सिअसला उलटी ठेवावी व २४ तासांनी वाचावी. तीन किंवा अधिक प्रकारच्या वसाहती (जंतूंचे ठिपके) दिसल्या, तर नमुना दूषित समजून पुन्हा घ्यावा. वाढ नसेल किंवा ग्रॅम-निगेटिव्ह (ई. कोलायच्या गटातले) जंतू असतील, तर सौम्य दाहात प्रतिजैविक बहुधा लागत नाही. ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे दुसऱ्या गटातले, जंतू असल्यास औषध पशुवैद्यकांनी ठरवावे. वापरलेली प्लेट ब्लीचमध्ये बुडवूनच टाकावी. औषध दिलेल्या गायीचे दूध लेबलावरील मुदत संपेपर्यंत, चारही सडांचे, दूध संस्थेत घालू नये.