इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा : तीन शहरांतल्या मराठी घरांची तुलना करायला निघण्याआधी

तुलनात्मक अभ्यासातल्या बहुतेक चुका गाडीत बसण्याआधीच होऊन गेलेल्या असतात, आणि परत आल्यावर कुठल्याही आकडेमोडीने त्या निघत नाहीत. एकाच शहराचा अभ्यास थोडा कच्चा झाला तरी त्या शहराबद्दल काहीतरी हाती लागतं. दोन-तीन शहरांच्या तुलनेत मात्र प्रश्न, माणसं किंवा वेळ यांपैकी एक जरी शहरागणिक बदललं, तर दिसलेला फरक शहराचा की आपल्या पद्धतीचा हे सांगता येत नाही. म्हणून ही तयारी. मुक्काम इंदूरला धरला आहे आणि विषय आपल्याकडे वारंवार निघणारा घेतला आहे: महाराष्ट्राबाहेरच्या या तीन जुन्या मराठी शहरांत घरातली मराठी सारखीच टिकली का, आणि नसेल तर का.

सर्वांत आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘तीन शहरांतली मराठी संस्कृती’ एवढ्यावर थांबलात तर मोजायला काहीच मिळत नाही. वाक्यात कोण, कुठे, कधीचे आणि काय हे चारही यायला हवेत. उदाहरणार्थ: १९४८ पूर्वी आलेल्या कुटुंबांतली आज तिशीच्या आत असलेली मुलंमुली भावंडांशी मुख्यतः मराठीत बोलतात का, आणि हे प्रमाण तीन शहरांत वेगळं आहे का. याच कागदावर खाली लिहा की कोणतं उत्तर आलं तर तुमचा अंदाज चुकला असं तुम्ही मान्य कराल. हे आत्ता लिहिलं नाही तर नंतर प्रत्येक निकाल अंदाजाला जुळताच वाटतो.

मग शहरांची निवड. इथे वेळ द्या, घाई करू नका. वरवर पाहता तिन्ही शहरं एकाच साच्यातली दिसतात: होळकरांची राजधानी १८१८ नंतर इंदूर, शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या पायथ्याशी पडला तेव्हापासून लष्कर हा ग्वाल्हेरचा भाग, आणि गायकवाडांचं बडोदा. पण इंदूर आणि ग्वाल्हेर १९४८ मध्ये मध्य भारत या राज्यात गेले, १९५६ मध्ये मध्य प्रदेशात आले आणि पहिल्यापासून हिंदीच्या वेढ्यात राहिले. बडोदा १ मे १९४९ ला मुंबई राज्यात सामील झालं आणि १ मे १९६० पर्यंत महाराष्ट्राबरोबर एकाच राज्यात होतं. तिथला शेजार गुजराती. शिवाय सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू करून १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. म्हणजे बडोद्यात मराठी जास्त टिकलेली दिसली, तर कारण गुजराती शेजार, मुंबई राज्यातली ती अकरा वर्षं, लवकर आलेलं शिक्षण की महाराष्ट्राची जवळीक? शहरं तीन आणि कारणं निदान चार असतील तर कुठलंच कारण वेगळं काढता येत नाही.

यावर उपाय म्हणजे दोन शहरं वाढवणं. भोपाळ घ्या, कारण तिथे हिंदीच आहे, पण मराठी दरबार नव्हता, नवाबी होती. सुरत घ्या, कारण तिथे गुजराती आहे, पण शहर ब्रिटिशांकडे होतं. आता चौकट भरते: दरबार होता आणि नव्हता, हिंदी आणि गुजराती. पाच शहरं झेपत नसतील तर ग्वाल्हेर सोडा, पण भोपाळ आणि सुरत सोडू नका. ग्वाल्हेरशी जीव जडलेला असतो, म्हणून ‘ग्वाल्हेर सोडा’ हे वाक्य अनेकांना खटकेल, तरी इंदूर असताना ग्वाल्हेरने माहिती कमी वाढते. ग्वाल्हेरची गायकी हा विषय असता तर गोष्ट वेगळी होती. पुढची उदाहरणं आणि हिशेब मात्र सोपे राहावेत म्हणून मूळ तीन शहरांवरच मांडले आहेत; शहरं बदलली की तेही तसेच बदला.

‘मराठी माणूस’ हा गट एकसंध नाही, हे कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. दरबारी कारभारी आणि सरदारांची घरं वेगळी. छावण्यांमधून आलेली लष्करी कुटुंबं वेगळी. इंदूरजवळच्या महूत १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला तो अशाच एका कुटुंबात. गिरण्यांसाठी आलेले कामगार वेगळे, कोयली रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाल्यावर बडोद्याच्या परिसरात आलेले तंत्रज्ञ वेगळे, आणि इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत नोकरीसाठी गेल्या दहा-वीस वर्षांत आलेले तर अजूनच वेगळे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या पाच पिढ्यांच्या वाड्याची पीथमपूरच्या फिटरच्या घराशी तुलना केली, तर फरक निघेल, पण तो इंदूर-ग्वाल्हेरचा नसेल. म्हणून प्रत्येक शहरात आगमनाचे तीन टप्पे ठेवा: १९४८ पूर्वी, १९४८ ते १९९०, आणि नंतर. प्रत्येक टप्प्यातून तिन्ही शहरांत सारखीच घरं घ्या.

घरं शोधताना आडनावांवर विसंबू नका. ‘कर’ शेवट असलेली नावं चटकन दिसतात, पण जोशी, देसाई, पाठक ही नावं गुजराती आणि हिंदी घरांतही आहेत, आणि जाधव-चव्हाणांच्या शेजारी बडोद्यात जादव-चौहाण राहतात. मतदारयादीतून आडनावं वेचली की ब्राह्मण घरं जास्त येतात आणि दलित, कारागीर, मुस्लिम मराठी भाषक गळतात. महाराष्ट्र मंडळाची सभासदयादी तर मुळीच वापरू नका, कारण मराठी जपायची ज्यांना आस्था आहे तेच तिथे सभासद असतात. मोहल्ले आधी चिठ्ठ्या टाकून निवडा, मग ठरावीक अंतराने दार वाजवा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: या घरात आजी-आजोबांची भाषा कोणती होती. नकार आणि बंद दार यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवा. एका शहरात दहातल्या दोघांनी नकार दिला आणि दुसऱ्यात पाच जणांनी, तर ती तुलना जपून वाचावी लागते.

आता प्रश्नावली, म्हणजे या कामाचा गाभा. एकच प्रश्न तिन्ही शहरांत तेच मोजतो असं गृहीत धरलं जातं आणि तिथेच सगळं बिघडतं. वटसावित्रीचं उदाहरण घ्या. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी शेजारात हे व्रत ज्येष्ठ अमावास्येला असतं, मराठी घरात ज्येष्ठ पौर्णिमेला, पंधरा दिवसांनी. त्यामुळे तिथे ‘वडाची पूजा केव्हा करता’ हा प्रश्न घराने कोणती रीत धरली आहे ते नेमकं सांगतो. बडोद्यात गुजराती शेजारीणही पौर्णिमेलाच पूजा करते, म्हणून तिथे तोच प्रश्न काहीच सांगत नाही. श्रावणाचंही असंच. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात आणि गुजरातेत अमावास्येला. त्यामुळे इंदूरच्या हिंदी शेजाऱ्याचा श्रावण पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि मराठी घर कोणते सोमवार धरतं यावरून रीत कळते. बडोद्यात फरकच पडत नाही. गुढीपाडव्याला उलट घडतं. गुजराती नवं वर्ष दिवाळीनंतरच्या प्रतिपदेला लागतं, म्हणून बडोद्यात चैत्रात गुढी उभारणारं घर उठून दिसतं. इंदूरच्या बाजूला विक्रम संवत चैत्रातच बदलतो आणि गुढी इतरही उभारतात. सकाळी पोहे खाणं तर इंदूरमध्ये कोणाचंच वेगळेपण सांगत नाही.

म्हणून प्रत्येक प्रश्न आधी प्रत्येक शहरात दहा मराठी आणि दहा बिगरमराठी शेजारी घरांत विचारून पाहा. दोन्हीकडे सारखंच उत्तर आलं तर त्या शहरात तो प्रश्न निकामी. मग शहरागणिक वेगळे प्रश्न ठेवा, पण प्रत्येक शहरात शेजारापासून रीत वेगळी काढणारे तेवढेच. शिवाय भाषेबद्दलचे चार-पाच प्रश्न सगळीकडे अगदी एकच ठेवा, म्हणजे तुलनेला सामाईक आधार राहतो.

‘मातृभाषा कोणती’ हा प्रश्न एकटा विचारू नका. त्याचं उत्तर बऱ्याच ठिकाणी अभिमानाने ‘मराठी’ असं येतं आणि त्याच घरात मुलांशी हिंदी चालते. आजीशी, आईवडिलांशी, जोडीदाराशी, मुलांशी, भावंडांशी, आणि रागावल्यावर कोणत्या भाषेत बोलता, असं सहा ठिकाणी विचारा. आईचं माहेर कुठलं तेही नोंदवा. पुण्या-नाशिकहून आलेली सून घरात मराठी पुन्हा आणते आणि हे शहराच्या खात्यावर जमा होऊ नये. यातच दुसरी अडचण आहे: इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या मराठी घरांत सोयरिकी होतात, म्हणून ही शहरं एकमेकांपासून सुटी नाहीत. १८८८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या विवाहरीतींची तुलना मांडली, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी हीच शंका काढली होती की सारखेपणा एकमेकांकडून घेतलेला असेल तर ते वेगवेगळे पुरावे कसे मानायचे. त्यावर साधा इलाज असा की मुलीबाळी कोणत्या शहरात दिल्या आणि सुना कुठून आल्या हा रकाना ठेवायचा आणि अशा घरांशिवाय निकाल पुन्हा काढून पाहायचा.

प्रश्नावली तोंडीच विचारा. इंदूर-ग्वाल्हेरचा मुलगा हिंदीमुळे देवनागरी सहज वाचतो. बडोद्यात गुजराती माध्यमात शिकलेल्या मुलाचा हात गुजराती लिपीवर बसलेला असतो. लेखी फॉर्म दिला तर तो मराठी बोलण्यात नव्हे, वाचण्याच्या सवयीत मागे पडलेला दिसेल. जुने कागद पाहणार असाल तर मोडी वाचणारं माणूस आधी गाठा आणि संवताची काळजी घ्या: चैत्रापासून दिवाळीपर्यंत गुजराती संवत उत्तरेकडच्या संवतापेक्षा एकने मागे असतो. त्या महिन्यांतल्या कागदाचं इसवी वर्ष काढताना बडोद्यात ५६ आणि इंदूरच्या चैत्री संवतात ५७ वजा होतात.

घरं किती लागतील हे निघण्याआधीच ठरवा. एका शहरात ४० टक्के आणि दुसऱ्यात ६० टक्के असा मोठा फरक पकडायचा असेल तर प्रत्येक शहरात सुमारे ९७ घरं लागतात. ५० विरुद्ध ६० असा फरक पकडायला सुमारे ३९० लागतात. एका मोहल्ल्यातून दहा घरं घेतली तर शेजारी एकमेकांसारखे असतात म्हणून आकडा वाढतो. हे शेजाऱ्यांतलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०५ धरलं तर १.४५ ने गुणा: ९७ चे झाले सुमारे १४०, ३९० चे सुमारे ५६५. एकट्याने काम करणाऱ्याने २० टक्क्यांच्या फरकावर थांबावं आणि १४ मोहल्ले, प्रत्येकी १० घरं असं धरावं. नकार मोजून यादीत सव्वापट घरं ठेवा. एका मुलाखतीला चाळीस मिनिटं लागतात आणि एक माणूस दिवसाला चारच घरं नीट करतो. तीन शहरांची ४२० घरं म्हणजे १०५ मनुष्यदिवस. सहा जण असले तर साडेसतरा, प्रवास सोडून.

हे सहा जण इंदूरला दोन, ग्वाल्हेरला दोन, बडोद्याला दोन असे वाटू नका. तसं केलं तर माणूस आणि शहर एकत्र मिसळतं. प्रत्येकाने निदान दोन शहरांत काम करावं. इंदूरहून बडोद्याला अवंतिका एक्स्प्रेस थेट जाते, त्यामुळे अवघड नाही. दारात पहिलं वाक्य तिन्हीकडे मराठीतच बोला, कारण हिंदीत सुरुवात केली की पुढची उत्तरंही हिंदीत येतात आणि सवयीचं चित्र बदलतं. ‘काकू, नमस्कार’ म्हणून मग येण्याचं कारण सांगा, संमती घ्या, अठराखालच्या मुलाशी बोलायचं तर आईवडिलांची परवानगी घ्या. नावं वहीत लिहायची नाहीत, घराला फक्त क्रमांक. नाव-क्रमांकाची किल्ली एकाच माणसाकडे वेगळी ठेवा.

वेळही तिन्हीकडे एकच असू द्या. नवरात्रात बडोद्याची संध्याकाळ गरब्याला जाते, १४ जानेवारीला माणसं पतंग उडवायला गच्चीवर असतात. रंगपंचमीला इंदूरमध्ये गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते. ग्वाल्हेरला मे-जूनची दुपार आणि डिसेंबर-जानेवारीचं धुकं दोन्ही टाळा. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ठीक, पण दिवाळी किती तारखेला आहे ते पाहून आणि लग्नाचे मुहूर्त वगळून.

जनगणनेचे आकडे बरोबर ठेवा, ते नमुन्याची पडताळणी करायला लागतात. मातृभाषेचा तक्ता म्हणजे सी-१६. त्यात मालवी, बुंदेली वगैरे हिंदीत जमा होतात, तेव्हा इंदूरचं ‘हिंदी’ आणि बडोद्याचं ‘गुजराती’ एकाच जातीचे आकडे समजू नका. आणि २०११ च्या बडोदा जिल्ह्यात छोटा उदेपूरही आहे, तो ऑगस्ट २०१३ मध्ये वेगळा झाला. आजचा बडोदा जिल्हा त्या आकड्याशी थेट ताडून पाहिला तर फसगत होईल. जिल्ह्याच्या आकड्यावरून एखाद्या घराबद्दल अनुमान काढू नये, हेही इथेच लिहून ठेवा.

शेवटी, माहिती गोळा करण्याआधी रिकामे तक्ते आखा. त्यांत वयोगटाची ओळ असलीच पाहिजे. समजा, दोन्ही शहरांत साठीपुढचे ६० टक्के आणि खालचे ३० टक्के लोक घरात मराठी बोलतात, म्हणजे फरक शून्य. पण बडोद्याच्या नमुन्यात ७० टक्के म्हातारे आले आणि इंदूरच्या नमुन्यात ३० टक्के, तर एकूण आकडा बडोद्यात ५१ आणि इंदूरमध्ये ३९ येतो. बारा टक्के फरक केवळ वयाचा. म्हणून दोन्ही शहरांना एकच वयोरचना लावून आकडा पुन्हा काढा, आणि तोच छापा. तीन शहरांच्या तीन जोड्या होतात, पाच शहरांच्या दहा. त्यांतली मुख्य जोडी कोणती हे आत्ताच एका ओळीत लिहा, बाकीच्या जोड्यांना कडक कसोटी लावा. म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता तीन जोड्यांसाठी ०.०५ ऐवजी ०.०१७ च्या खाली हवी. मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण दोन जणांनी एकमेकांना न विचारता करायचं आणि कॅप्पा, म्हणजे दोघांच्या एकमताचं माप, ०.७ च्या खाली आला तर वर्गच पुन्हा आखायचे, कारण तेवढ्या मतभेदात दोन शहरांच्या फरकापेक्षा दोन वाचणाऱ्यांचा फरक मोठा होऊन बसतो.